मुलाम्याचे अर्थशास्त्र

'मुलामा' हा शब्द मराठीत बदनाम आहे. आत पितळ आणि वर सोने म्हटले की फसवणूकच आठवते. रसायनशास्त्राने मात्र याच मुलाम्याला काटकसरीचे साधन बनविले आहे. मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढे धातूचे कण घडवावयाचे, आणि त्यांचा गाभा एका धातूचा वा मिश्रधातूचा व कवच दुसऱ्याचे ठेवावयाचे, अशी ही विद्या आहे.

तिचे मर्म आर्थिक आहे. उत्प्रेरकाचे कार्य पृष्ठभागावर चालते. आत दडलेले अणू म्हणजे पडून राहिलेले भांडवल होय. म्हणूनच अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत राडोस्लाव अॅड्झिक यांच्या गटाने पॅलेडियमच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर चढविला. तथापि ही काटकसर सोपी नाही. निकेलसारख्या स्वस्त गाभ्यावरील कवचाला छिद्र राहिल्यास आम्लात गाभा विरघळतो. उष्णता वाढल्यास दोन्ही धातू एकमेकांत मिसळतात.

भारताला हा प्रश्न दूरचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या काही यंत्रांना प्लॅटिनम व इरिडियम लागते, आणि या धातूंचा मुख्य पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो. तेलाचे परावलंबन सोडून धातूंचे पत्करणे, हे स्वावलंबन नव्हे.

हे ज्ञान केवळ श्रीमंत राष्ट्रांचे आहे, असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्यात सोन्याचे व चांदीचे आयन एकत्र मिसळून सोन्याचा गाभा आणि चांदीचे कवच असलेले कण मिळविले. सोन्याचे आयन आधी धातुरूप होतात, मागाहून चांदी त्यांवर बसते. म्हणून हा क्रम साधतो. हे कण हायड्रोजनच्या यंत्रांसाठी नव्हते, हे खरे. परंतु विद्येचा आरंभ कोठूनही होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले.

कडुलिंब विदर्भात गावोगाव आहे. नागपूर-अमरावती मार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथील विज्ञानाचा विद्यार्थी असा काढा सहज करील. परंतु कवच खरोखर बसले की नाही, हे पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, आणि तो मोठ्या शहरांतील संस्थांतच आढळतो. प्रत्येक गावी असे यंत्र देणे अशक्य आहे. परंतु ग्रामीण महाविद्यालयांचे नमुने विनाशुल्क तपासून देणे अशक्य नाही. अभियानाच्या खर्चातील अल्प अंश या कामी लागल्यास तो वाया जाणार नाही. अन्यथा ग्रामीण विज्ञानशिक्षणावर चढेल तो जुन्या अर्थाचाच मुलामा.