गाडी सापडली, माणूस नाही

पावसाळ्यात महाड-पोलादपूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज ठरलेला असतो. घाटातल्या वळणावर कडेला लावलेली गाडी, काचा बंद, टपावर पानांचा चिखल, नंबरप्लेट ठळक दिसेल असा फोटो. खाली ओळ : ‘दोन दिवसांपासून बेवारस. मालकाचा पत्ता नाही. जास्तीत जास्त शेअर करा.’ संध्याकाळपर्यंत त्या गाडीला एक प्रेमप्रकरण चिकटतं, रात्री जमिनीचा वाद जोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी सीटवर रक्ताचे डाग उमटतात. फोटो मात्र तोच असतो, आणि त्यात सीट दिसतसुद्धा नाही.

ही खोड मोबाइलने लावलेली नाही. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्तीची मोटार इंग्लंडमधल्या सरे परगण्यात रस्त्याकडेला सापडली, बाई गायब. नवऱ्याने खून केला इथपर्यंत वर्तमानपत्रांची मजल गेली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल तर बाईंचा हातमोजा घेऊन अतींद्रिय शक्तीवाल्या माणसाकडे गेले. अकरा दिवसांनी ख्रिस्तीबाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहत असलेल्या सापडल्या. होम्सच्या जनकाची ही तऱ्हा, तर आपल्या ग्रुप-अॅडमिनला काय बोलायचं?

‘गाडी सोडून दिली म्हणजे घातपात’

आधी नकाशा बघा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, म्हणजे सातारा जिल्हा. कशेडी ओलांडला की खेड, म्हणजे रत्नागिरी. महाडहून वरंध घाटाने वर गेलं की भोर, म्हणजे पुणे. तिन्ही घाट दरडींचे. दरड आली की रस्ता बंद होतो आणि माणूस गाडी कडेला लावून मिळेल त्या वाहनाने किंवा पायी खाली उतरतो. घाट चढताना इंजिन तापलं, क्लच जळाला तरी तेच. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा दारात लावलेल्या गाड्या पाण्याने हलवून भलतीकडे नेऊन ठेवल्या. त्या गाड्यांच्या मालकांवर कोणी संशय घेतला नाही, कारण पूर सगळ्यांनी पाहिला होता. घाटातल्या गाडीचं कारण कोणी पाहिलेलं नसतं, एवढाच फरक.

कायदाही अशा गाडीकडे आधी वाहतुकीचा अडथळा म्हणूनच पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो. त्यासाठी गुन्हा घडलेला असावा लागत नाही.

‘नंबर मिळाला, म्हणजे माणूस मिळाला’

नंबरवरून मालकाचं नाव काढून ते ग्रुपवर टाकणं हा हल्ली अनेकांचा छंद झाला आहे. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. तरी कागदावर एक मालक आणि चाकामागे दुसरा, अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर धावतात. शिवाय पाटीच खोटी असली तर?

२५ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत अँटिलियाजवळ कारमायकेल रोडवर जिलेटिनच्या वीस कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. नंबर खोटा होता. गाडी ज्या ठाणेकर व्यावसायिकाच्या ताब्यात असायची, त्याने ती चोरीला गेल्याची तक्रार आठवडाभर आधीच दिली होती आणि कागदोपत्री मालक तिसराच होता. कुठल्याशा दहशतवादी गटाच्या नावाने टेलिग्रामवर जबाबदारी घेणारा संदेश फिरला आणि लोकांनी तो उचलून धरला. ४ मार्चला तो व्यावसायिक घरातून निघाला, ५ मार्चला मुंब्र्याजवळ खाडीत त्याचा मृतदेह मिळाला. १३ मार्चला एनआयएने अटक केली ती मुंबई गुन्हे शाखेतल्याच एका अधिकाऱ्याला. फेब्रुवारीत ज्यांनी नंबरवरून निकाल लावून टाकले होते, त्यांच्यापैकी एकाच्याही निकालात हा अधिकारी नव्हता.

‘एवढी मोठी बस गायब होईलच कशी?’

हा प्रश्न महाडने नऊ दिवस ऐकला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा पाण्यात गेल्या. सकाळी पाहिलं तर अर्धा पूल उभा, अर्धा नाही, आणि गाड्यांचा मागमूस नाही. एनडीआरएफ आली, नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दल आलं. क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला. सावित्रीत मगरी आहेत हे महाडकरांना नवं नाही. त्यांची धास्ती शोध घेणाऱ्यांनाही होती आणि अंदाज बांधणाऱ्यांनाही.

सगळ्यांचा तर्क एकच होता : बस वाहत खूप लांब गेली असणार. झालं उलटं. एका एसटीच्या चालकाचा मृतदेह दोनच दिवसांत थेट समुद्रावर, दापोली तालुक्यात अंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. दोनपैकी एक बस मात्र ११ ऑगस्टला पाणबुड्यांना सापडली, ती पुलापासून साधारण दोनशे मीटरवर, पाण्याखाली.

यामागे गूढ काही नाही. एसटी म्हणजे कित्येक टनांचं लोखंड. काचा फुटल्या, आत पाणी भरलं की ती तळाला बसते आणि पूर तिच्यावर गाळ चढवत जातो. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फारसं जड नसतं, त्यामुळे धार त्याला बाणकोटच्या मुखापर्यंत आणि पुढे समुद्रात नेते. त्यात सावित्रीचा खालचा भाग खाडीचा. भरतीला पाणी मागे रेटलं जातं, ओहोटीला ओढलं जातं, म्हणून मृतदेह एका ओळीत न मिळता दोन्ही काठांना विखुरलेले मिळतात. गढूळ पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, हे काठावर उभं राहून पटत नाही. ज्यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत असेही त्यात होते. म्हणून ते कुठेतरी जिवंत आहेत असा अर्थ निघत नाही, आणि त्यांच्या घरच्यांना तसं सुचवणाऱ्यांनी काही भलं केलं असंही नाही.

नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला सुरू झाला. हल्ली त्यावरून जाताना गाडीचा वेगही कमी होत नाही.

‘तो एकटाच कसा वाचला?’

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात, पोलादपूर तालुक्यातल्या दाभीळजवळ दरीत कोसळली. एक सोडून बसमधले सगळे गेले. वाचलेला एकजण दरी चढून रस्त्यावर आला आणि त्याने खबर दिली. त्यानंतर गावकरी, महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर आणि एनडीआरएफ दोरांवर लटकून दुसऱ्या दिवसापर्यंत मृतदेह वर काढत होते.

आणि मग त्या एकावरच बोटं वळली. गाडी तोच चालवत असणार, काहीतरी लपवतोय, नार्को टेस्ट करा. ज्यांनी घरातला माणूस गमावला त्यांनी उत्तर मागणं समजण्यासारखं आहे, तो त्यांचा हक्कच. पण ज्यांचं त्या बसमध्ये कोणी नव्हतं, त्यांनी मोबाइलवर बसून न्यायालय चालवलं त्याला काय म्हणायचं? पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बसच्या मृत चालकावर.

दरीत कोसळणारं वाहन पलट्या खातं. दारातून वा खिडकीतून बाहेर फेकला गेलेला माणूस बहुतेक वेळा मरतोच, क्वचित झाडाझुडपात अडकून जगतो. अशा अपघातातून ‘एकच वाचला’ हे विरळा असलं तरी अशक्य नसतं. विरळा म्हणजे संशयास्पद, हे समीकरण मला कधीच कळलेलं नाही. त्याच जुलैच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं होतं, तेही मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेवरून. फॉरवर्डची किंमत काय असते, हे महाराष्ट्राला त्या महिन्यात माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेतात’

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच, आणि तो सिनेमाने पोसला आहे. माणूस हरवल्याची तक्रार देण्यासाठी चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवता येतं ते लगेच. हरवलेलं लेकरू अठराच्या आतलं असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं आहे. हद्दीचा बाऊही नको. घातपाताची वा अपहरणाची फिर्याद असेल, तर ती कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच हे आता स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडी आंबेनळीत रायगडच्या बाजूला आहे की साताऱ्याच्या, याची उठाठेव घरच्यांनी करायची नाही.

घाई कशासाठी, तेही सांगतो. टोलनाक्यावरचे, पेट्रोलपंपावरचे, हॉटेलांबाहेरचे कॅमेरे ठरावीक दिवसांचंच चित्रण ठेवतात आणि जुनं पुसून त्यावर नवं चढवतात. घरात ‘येईल संध्याकाळपर्यंत’ म्हणत घालवलेले चार दिवस तिथून वजा होतात. तक्रारच झाली नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण याच रायगड जिल्ह्यातलं आहे. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात, विनोबांच्या जन्मगावाच्या, गागोद्याच्या परिसरात जळालेले मानवी अवशेष मिळाले. मुंबईत शीना बोरा ही तरुणी दिसेनाशी झाली होती, पण ती अमेरिकेत आहे असं भोवतालच्यांना सांगण्यात आलं होतं. पेणचे अवशेष आणि मुंबईची मुलगी यांची सांगड बसायला ऑगस्ट २०१५ उजाडला.

एक उलटी बाजूही सांगून ठेवतो. सज्ञान माणूस स्वतःहून निघून गेला असेल आणि पोलिसांना सापडला, तर ते त्याचा जबाब घेतात. मर्जीविरुद्ध हाताला धरून घरी आणत नाहीत. तो सुखरूप आहे एवढं कळलं की तपास संपतो. ग्रुपवर टाकलेला त्याचा फोटो मात्र फिरतच राहतो.

‘शेवटचं लोकेशन तिथलंच होतं’

मोबाइल टॉवर माणूस दाखवत नाही, फोन कोणत्या टॉवरशी जोडला होता ते दाखवतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, अंदाज बरा येतो. सह्याद्रीच्या कुशीत एकच टॉवर समोरच्या डोंगरापर्यंत कित्येक किलोमीटर पुरतो, आणि वळण घेतलं की रेंज जाते. फोन ‘स्विच ऑफ’ लागला म्हणजे कोणी बंद केला, असंही नाही. बॅटरी संपते, पाणी शिरतं.

‘सात वर्षं झाली की आपोआप मृत’

आपोआप काहीच होत नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं, इतकंच कायदा सांगतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होतं, भारतीय साक्ष अधिनियमात १११ आहे. वारसाहक्क, विमा, पेन्शन यांसाठी बहुधा कोर्टाची पायरी चढावीच लागते, आणि मृत्यूची तारीख त्या कलमाने ठरत नाही. आपत्तीत मात्र सात वर्षं थांबायला लावत नाहीत. महाड तालुक्यातल्या तळियेवर २२ जुलै २०२१ ला डोंगर आला. ८४ माणसं गेली, मृतदेह मिळाले ५३. शोध थांबवताना उरलेल्या ३१ जणांना प्रशासनाने मृत घोषित केलं.

आता पुढच्या वेळी घाटात अशी गाडी दिसली तर दार उघडून पाहू नका, हँडलला हातही लावू नका, ठसे पुसतात. नंबर, जागा आणि वेळ टिपून ११२ ला फोन करा. रेंज नसेल तर खाली पोलादपुरात उतरून करा. फोटो काढलाच असेल तर तो पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका.