प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : सौम्य कोणती, टिकाऊ कोणती?

साठी ओलांडलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. ही वाढ कर्करोगाची नसते; पण ग्रंथीतून जाणारा मूत्रमार्ग दाबला जातो. धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते. गोळ्या पुरेनाशा झाल्या की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

‘टीयूआरपी’ ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया अनेक दशके प्रमाण मानली गेली आहे. विजेच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. आराम भरपूर मिळतो, मात्र बहुतेकांचे वीर्य त्यानंतर बाहेर न येता मूत्राशयात जाते. संभोगसुखावर याचा परिणाम प्रत्येकाला सारखा वाटत नाही. पण ही गोष्ट आधी सांगितली गेलीच पाहिजे.

हा परिणाम टाळण्यासाठी सौम्य पद्धती आल्या. ‘युरोलिफ्ट’मध्ये काहीही कापत नाहीत, बारीक टाके घालून ग्रंथीचे फुगलेले भाग बाजूला ओढून धरतात. ‘रेझूम’मध्ये पाण्याची वाफ नऊ-नऊ सेकंद ग्रंथीत सोडतात. वाफेने मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते, त्यामुळे काही दिवस लघवीची नळी ठेवावी लागते आणि पूर्ण फायदा दिसायला आठवडे जातात. दोन्हींत वीर्यस्खलन बहुधा शाबूत राहते. मात्र लघवीच्या धारेतली सुधारणा टीयूआरपीइतकी नसते. दोन्हींच्या स्वतंत्र चाचण्यांत पाच वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले रुग्ण युरोलिफ्टमध्ये सुमारे १४ टक्के, तर रेझूममध्ये सुमारे ४ टक्के होते. या चाचण्या ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथींवर झाल्या होत्या.

ग्रंथी त्याहून मोठी असेल, तर ‘होलेप’ उपयोगी पडते. न्यूझीलंडचे डॉ. पीटर गिलिंग यांनी १९९०च्या दशकात ती विकसित केली. होल्मियम लेसरने आतली वाढ सालीपासून सुटी करून बाहेर काढतात. परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, रक्तस्राव कमी होतो; पण वीर्याचा प्रश्न टीयूआरपीसारखाच राहतो, आणि सर्जनचा हात त्यात चांगला बसलेला असावा लागतो.

म्हणून जाहिरातीतल्या यंत्राचे नाव पाहून निर्णय घेऊ नका. सोनोग्राफीत ग्रंथी किती ग्रॅमची आली, वीर्यस्खलन टिकणे तुमच्यासाठी किती महत्त्वाचे आहे आणि पुन्हा शस्त्रक्रियेची तयारी आहे का, हे तीन मुद्दे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. लघवी तुंबली असेल किंवा मूत्रपिंडावर ताण आला असेल, तर मात्र दिवस घालवू नका.