संक्षिप्त न्यायचौकशी : किरकोळ फौजदारी खटले आणि अभिलेखाचा प्रश्न

लहानसहान चोरी, शिवीगाळ, धमकी यांसारख्या प्रत्येक खटल्यात गंभीर गुन्ह्याइतकाच विस्तृत अभिलेख ठेवावयाचा म्हटल्यास न्यायालयांना दुसरे काम करणेच अशक्य होईल. या व्यावहारिक अडचणीतून ‘संक्षिप्त न्यायचौकशी’ ही पद्धती फौजदारी कायद्यात आली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठालाही देता येत असे. १९७३ च्या संहितेने पीठाची तरतूद वगळली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८३ ते २८८ मध्ये ही पद्धती आता ग्रथित आहे.

जुन्या संहितेत अशी चौकशी करणे न्यायदंडाधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविले होते. नव्या संहितेने विशिष्ट अपराधांसाठी ती बंधनकारक केली आहे. चोरीच्या मालमत्तेची मर्यादाही २,००० रुपयांवरून २०,००० रुपयांवर नेली आहे. तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेले अन्य अपराधही, आरोपीस म्हणणे मांडण्याची संधी देऊन व कारणे नमूद करून, याच पद्धतीने चालविता येतात. त्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. मात्र या पद्धतीत तीन महिन्यांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही.

येथे संक्षेप कशाचा होतो, याविषयी बराच गैरसमज आढळतो. समन्स-खटल्याचीच कार्यपद्धती लागू असल्याने साक्षीदार तपासले जातात, उलटतपासणी होते, बचावाचा पुरावाही देता येतो. संक्षेप होतो तो लेखनाचा. फिर्यादीचे नाव, अपराधाचा दिनांक, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा अशा दहा बाबींची नोंद पुरेशी मानली जाते. आरोपीने अपराध नाकारला असेल, तर पुराव्याचा केवळ सारांश आणि निर्णयाची थोडक्यात कारणे लिहावयाची असतात.

सारांश लिहिणाऱ्या न्यायाधीशाने साक्षीदारास प्रत्यक्ष पाहिलेले व ऐकलेले असते. त्याची बदली झाली की मागे राहतो तो केवळ सारांश. म्हणूनच, पूर्वाधिकाऱ्याने नोंदविलेल्या पुराव्यावर निर्णय देण्याची जी मुभा इतर खटल्यांत आहे, ती येथे नाही. चौकशी नव्याने करावी लागते. नितीनभाई शाह विरुद्ध मनुभाई पांचाळ (२०११) या धनादेश अनादराच्या प्रकरणात जुनाच पुरावा वापरण्यास हरकत नसल्याची पुरशिस उभय पक्षांनी दिली होती. पक्षकारांच्या संमतीने न्यायालयास नसलेला अधिकार प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुरावा प्रत्यक्षात सविस्तर नोंदविला असल्यास हा नियम लागत नाही, असे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे खटल्याला दिलेल्या नावापेक्षा अभिलेख कसा ठेवला गेला, हेच निर्णायक ठरते.

अपराधाची कबुली दिली जाते तेथे हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. वारंवार तारखांना येऊन रोजंदारी बुडविण्यापेक्षा दंड भरून मोकळे व्हावे, असे आरोपीस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दंड लहान असला तरी दोषसिद्धी ही दोषसिद्धीच होय, आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी ती पुढे येऊ शकते. कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करावयाचे झाल्यास ते शिक्षेचे प्रमाण वा वैधता एवढ्यापुरतेच करता येते. आणि संक्षिप्त खटल्यात केवळ दोनशे रुपयांपर्यंतच दंड झाला असेल, तर तेही नाही. पुनरीक्षणाचा मार्ग उरतो. तेथे वरिष्ठ न्यायालयासमोर येतो तो हाच त्रोटक अभिलेख. कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असे संहितेचे कलम २७५ सांगते. रकान्यात ‘कबूल’ एवढाच शब्द असेल, तर आरोपीने नेमके काय मान्य केले—घटना, अपराध, की केवळ दंड भरण्याची तयारी—हे त्या अभिलेखावरून कोणासही सांगता येत नाही.