लाल्याची हिंदी : एका नाटकाची दोन चित्रपटरूपे

वसंत कानेटकरांचे ‘अश्रूंची झाली फुले’ हे नाटक ‘नाट्यसंपदा’ने १९६६ मध्ये रंगभूमीवर आणले. १९६९ मध्ये त्यावरून ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्याचे निर्माते अनूपकुमार असून विद्यानंद या ध्येयनिष्ठ अध्यापकाची भूमिका त्यांचे थोरले बंधू अशोककुमार यांनी केली. दिग्दर्शक सत्येन बोस यांनी १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’मध्ये अशोक, अनूप व किशोर या तिघा भावांना पूर्वीच एकत्र आणले होते. बिघडलेल्या तरुणाच्या भूमिकेतील देब मुखर्जी हे तर या भावांच्या भगिनी सतीदेवी यांचे पुत्र. खांडव्याच्या एका बंगाली कुटुंबाने मराठी नाटक हिंदीत नेले, असे हे प्रकरण आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील कळीचे पात्र म्हणजे लाल्या. काशिनाथ घाणेकरांनी गाजविलेला हा लाल्या बोलतो मराठी. परंतु त्याच्या तोंडी एक हिंदी पालुपद आहे. ते कोणतीही माहिती देत नाही. प्रभाकर पणशीकरांच्या विद्यानंदाच्या सुसंस्कृत मराठीसमोर ते बेफिकिरीची खूण म्हणून उभे राहते, आणि त्या भाषाभेदावरच गुरुशिष्यांतील अंतर तोलले जाते.

अशी खूण शब्दांत नसते, ऐकणाऱ्याच्या संकेतांत असते. मुंबई-चेन्नई लोहमार्गावर सोलापूरजवळ होटगी हे जंक्शन आहे. विजापूर-गदगकडची शाखा तेथून फुटते. मराठी, कानडी आणि दखनी तेथे एकाच फलाटावर कानी पडतात. मराठीत आरंभलेले वाक्य हिंदीत संपले, तर तेथे त्यात कोणास उद्धटपणा दिसावा? तो निव्वळ शेजारधर्म होय. लाल्याचे पालुपद तेथे मुळातच फिके वाटणार.

चित्रपटात अडचण याहून मोठी होती. सारेच संवाद हिंदी झाल्यावर हिंदी तुकडा वेगळा उठून दिसणार कसा? खूण अनुवादली गेली नाही, विरघळली. कथेला मात्र बाधा आली नाही: कानेटकरांना कथेसाठी आणि प्राण यांना साहाय्यक भूमिकेसाठी ‘फिल्मफेअर’ पारितोषिके मिळाली. (पारितोषिके देणाऱ्यांना बोलीचे गणित मांडावे लागत नाही, हेही खरेच.) घरातल्या घरात भूमिका वाटल्या गेल्याने वडीलधारेपणाचे नाते आयतेच लाभले, मामासमोर भाचा उभा राहिला की वयाचा अधिकार निराळा दाखवावा लागत नाही. पण ज्या गोतावळ्याने हे नाते दिले, त्यानेच भेदही पुसला, असा तर्क करता येतो. एका कुळातील माणसांची बोली एकमेकींजवळ असते, आणि या नाटकाला तर नेमका दुरावा हवा होता.

हा दुरावा पुन्हा सापडला तो याच नाटकावर आधारलेल्या यश चोप्रांच्या ‘मशाल’मध्ये, १९८४ साली. तेथे अध्यापकाचा पत्रकार झाला, आणि महाविद्यालयाच्या जागी वस्ती आली. दिलीपकुमारांच्या उर्दू वळणाच्या संयत हिंदीसमोर अनिल कपूरचा राजा मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी बोलतो, आणि त्या हिंदीच्या घडणीत मराठीचा वाटा मोठा आहे. लाल्याच्या मराठीत हिंदी शिरली होती. राजाच्या हिंदीत मराठी शिरली.