‘ब्रेक फेल’च्या पुढचा प्रश्न : ट्रकचा एअर ब्रेक आणि रिकॉल

आजचा विषय आहे ट्रकचा एअर ब्रेक, आणि त्यात कारखान्यातच दोष राहून गेला तर कंपनीनं गाड्या परत बोलावून तो दुरुस्त करणं, म्हणजे रिकॉल.

कारच्या रिकॉलच्या बातम्या आपण वाचतो. ट्रकच्या फारशा कानावर येत नाहीत. पण रायपूरमध्ये राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांचा माल, बलौदाबाजारचं सिमेंट, कोरब्याचा कोळसा, सगळं चाकांवर फिरतं. टाटीबंध चौकात पाच मिनिटं उभं राहिलं, तर समोरून गेलेले ट्रक मोजताना दमायला होतं. आणि अपघात झाला की इथं दोनच शब्द ऐकू येतात : ‘ब्रेक फेल’. तिथं चौकशी संपते. आज आपण त्याच्या पुढे जाऊ. काय फेल झालं? कशामुळे? आणि तोच दोष आणखी किती गाड्यांत आहे?

हवा गेली तर ब्रेक लागतो की जातो?

कारमध्ये पाय दाबला की तेलाचा दाब चाकापर्यंत जातो. जड ट्रकमध्ये हे काम दाबलेली हवा करते. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. चालकानं पेडल दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, आतला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम पुढे ढकलला जातो, दांडा सरकतो, स्लॅक ॲडजस्टर फिरतो आणि लायनर ड्रमवर घासतात. आमच्याकडचे मिस्त्री चेंबरला ‘बूस्टर’च म्हणतात.

मग पाइप फुटला तर? हा प्रश्न रेल्वेला दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तंत्रज्ञानं १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात हवा सोडली की ब्रेक लागायचा. साहजिकच पाइप फुटला की ब्रेकही जायचा. पुढच्या काही वर्षांत त्यानं रचना उलटी केली. पाइपात दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागलेला. डबे तुटून मागे राहिले तरी जागेवर थांबणार.

ट्रकमध्ये या दोन्ही कल्पना एकत्र आहेत, आणि गैरसमज इथंच होतो. पायाचा ब्रेक हवेनं लागतो. हात-ब्रेक मात्र एका जाड स्प्रिंगनं लागतो, आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. म्हणून दाब फार उतरला की आधी बझर वाजतो, आणि त्यानंतरही उतरत राहिला तर स्प्रिंग सुटून मागची चाकं धरते. शिवाय हवेची सर्किटही दोन असतात. एक गळलं तर दुसरं उरावं म्हणून.

म्हणजे हवेची साधी गळती झाली तर ट्रक अडायला हवा, सुसाट सुटायला नको. मग गाड्या सुटतात कशा?

तीन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

पहिली गोष्ट चालवण्याची. पुणेकरांना २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवत असेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकनं धडका दिल्या आणि ४८ वाहनांचं नुकसान झालं. पहिली बातमी ‘ब्रेक फेल’चीच होती. तपासात पुढे आलं ते वेगळं : डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा खर्च होते आणि नवी भरत नाही. गिअरमध्ये असताना इंजिन जी गाडी रोखून धरतं, तीही मदत जाते. बस्तरच्या वाटेवरच्या केशकाल घाटातही हाच धडा लागू आहे. ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. सतत पेडल दाबून ठेवलं तर ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, आणि मग टाकीत हवा भरपूर असूनही गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट देखभालीची. टाकीत साठलेलं पाणी काढलं नाही तर ते व्हॉल्व्हमध्ये जातं आणि आत गंज धरतो. स्लॅक ॲडजस्टर ढिला असेल तर दांडा पूर्ण बाहेर येऊनही लायनर ड्रमला नीट टेकत नाहीत. तेव्हा ती जाड स्प्रिंगसुद्धा उपयोगाची नाही, कारण तीही त्याच दांड्याला ढकलते. व्हॉल्व्हमध्ये नकली किट टाकलं असेल तर त्याचा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही.

तिसरी गोष्ट घडणीची. डायफ्रामचं रबर चुकीचं आलं, व्हॉल्व्हचा एखादा भाग मापात नाही, पाइप अशा जागी बसवलाय की तो चेसिसला घासतो. हा दोष चालकाच्या हातात नाही, मिस्त्रीच्याही नाही. एका गाडीत तो अपघातासारखा दिसतो. त्याच मॉडेलच्या, त्याच महिन्यांत बनलेल्या वीस गाड्या शेजारी ठेवल्या तरच तो दोष म्हणून दिसतो. रिकॉल आहे ते याच तिसऱ्या गोष्टीसाठी.

कारमधलं एक उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या परत बोलावल्या. कारण होतं मागच्या ब्रेकमधली एक पिन. सगळ्या गाड्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात बनलेल्या. महिनाभराचं उत्पादन आणि एक पिन, इतकं नेमकं बोट ठेवता आलं. ते ठेवता येतं चेसिस नंबरमुळे.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत यासाठीचा कायदा १९६६ मध्ये आला. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, सियामनं, २०१२ मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता आणली. पण सक्ती आली ती मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं. कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. वाहन सात वर्षांच्या आतलं हवं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीनं दोष स्वतः ओळखून सरकारला कळवलं आणि गाड्या बोलावल्या, तर हा दंड नाही. आणि मालकासाठी महत्त्वाचं : दोषाची दुरुस्ती कंपनीच्या खर्चानं.

आदेश निघतो कशावरून? एक तर चाचणी संस्थांच्या अहवालावरून. पुण्याची एआरएआय अशाच संस्थांपैकी एक. किंवा मालकांच्या तक्रारींवरून. ट्रक आणि बससाठी हा आकडा आहे वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के. म्हणजे एखाद्या मॉडेलचे वर्षाला दहा हजार ट्रक विकले गेले असतील, तर तीनशे तक्रारी हव्यात. तोंडी नव्हे, नोंदवलेल्या.

माझ्या मते खरी अडचण इथं आहे. दोष सगळ्यात आधी कळतो चालकाला. ‘प्रेशर नहीं बन रहा’ हे तो ढाब्यावर सांगतो, मिस्त्रीला सांगतो, कधी शेठला सांगतो. मिस्त्री पार्ट बदलतो, जुना पार्ट भंगारात जातो, गाडी कोरब्याला निघते. तीनशे चालकांना एकच गोष्ट माहीत असते आणि कागदावर एकही तक्रार नसते. पुढे एखादी गाडी घाटात सुटते, कागदावर ‘ब्रेक फेल’ लिहिलं जातं, आणि चालक जिवंत असेल तर गुन्हा त्याच्यावर.

दुसरी अडचण पत्त्याची. रिकॉलची सूचना नोंदणीतल्या मालकाला जाते. ट्रक नागपूरच्या माणसाचा, तिथून दुर्गला विकला, तिथून रायपूरला. नोंदणीत मोबाइल नंबर पहिल्याचाच. सूचना पोहोचते, पण गाडी ज्याच्याकडे नाही त्याला.

म्हणून एवढं करा

जुना ट्रक घेताना फॉर्म २९ आणि ३० पूर्ण करा, आणि ‘वाहन’ पोर्टलवर आपला मोबाइल नंबर घाला. चेसिस नंबर सांगून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा : या गाडीवर काही रिकॉल किंवा कॅम्पेन बाकी आहे का? फुकटचं काम आहे, लाजू नका.

गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, हवा भरायला किती वेळ लागला, बझर कुठं वाजला. चालकाला लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवायला सांगा. ब्रेकचा बदललेला भाग टाकून देऊ नका. पिशवीत घालून वर तारीख लिहा. तोच दोष पुन्हा आला की सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर चालकाच्या शब्दांत लिहून घ्या आणि सरकारच्या रिकॉल पोर्टलवर नोंदवा. ट्रान्सपोर्ट संघटनांनी सभासदांच्या अशा नोंदी मॉडेलवार एकत्र केल्या, तर तीन टक्के गाठणं अशक्य नाही.

एक धोक्याची सूचना. स्प्रिंग असलेला चेंबर रस्त्यावर खोलू नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागच्या जागी जातो. आणि बिघाडात गाडी हलवायला बोल्ट लावून स्प्रिंग बांधली असेल, तर काम झाल्यावर तो बोल्ट काढलाय का ते स्वतः बघा. बांधलेली स्प्रिंग म्हणजे शेवटचा ब्रेकच नाही.

आपल्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बेळगावला, वडोदऱ्याला, हैदराबादला. ट्रक तिथंही हेच आहेत, बहुतेक याच कारखान्यांतले. तुमच्या घरात, ओळखीत कोणाचा ट्रक असेल तर त्याला फक्त एक प्रश्न विचारा : चालकानं ब्रेकबद्दल शेवटचं काय सांगितलं होतं, आणि ते कुठं लिहिलंय?

पुढच्या भागात फिटनेस तपासणीत ब्रेक नेमके कसे मोजतात ते बघू. नमस्कार.