गच्चीवरील कापडी छत आणि पश्चिमेचा वारा

भाईंदरच्या पश्चिम भागांत ज्यांचीं बिऱ्हाडें आहेत त्यांना वाऱ्याची निराळी ओळख करून द्यावी लागत नाहीं. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास मिठागरांची उघडी जमीन, आणि राई, मुर्धा, मोर्वा हीं गांवें ओलांडून उत्तनपर्यंत गेलें कीं पुढें थेट अरबी समुद्र. माघ-फाल्गुनांत हाच वारा इतका सुखाचा वाटतो कीं संध्याकाळीं घरांत बसवत नाहीं. परंतु वैशाख उतरणीस लागला म्हणजे त्याची चाल बदलते. आणि मग गच्चीवर, सज्जावर किंवा खिडकीवर जें जें कांहीं पसरलेलें असेल त्याची परीक्षा सुरू होते.

अलीकडे पुष्कळ घरीं गुंडाळतां येणारें कापडी छत बसविण्याची चाल पडली आहे. दुकानदार त्यास ‘ऑनिंग’ म्हणतात. भिंतीशीं एक लांब नळी, तिच्यावर गुंडाळलेलें जाड कापड, पुढच्या कडेस आडवी कांब, आणि कोपरासारखे दुमडणारे स्प्रिंगचे दोन हात, एवढाच त्याचा प्रपंच. दांडा फिरवून किंवा विजेच्या मोटारीनें तें बाहेर सरकतें. आमच्या घरीं तें तीर्थरूपांकरितां घेतलें. गच्चीवर बसून वर्तमानपत्र वाचण्याचा त्यांचा जुना नेम. उन्हामुळें तो मोडूं लागला होता. छत आल्यावर नेम पुन्हां सुरू झाला, आणि घरांतील मंडळींनाही सावलींत बसून उन्हांतल्या पापड-कुरडयांवर नजर ठेवण्याची सोय झाली. तीन वर्षें त्या छतानें आम्हांला सुखच दिलें, आणि त्या सुखांत आम्ही त्याच्या स्वभावाची चौकशी करावयास विसरलों.

ता. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रावाटे गुजराथकडे गेलें. त्या दिवशीं कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेले. वेधशाळेनें इशारे आधींच दिले होते. म्हणजे आम्हांला ठाऊक नव्हतें असें म्हणण्यास जागा नाहीं. ‘पाऊस येईल तेव्हां बटण दाबूं’ अशा विचारानें आम्ही छत अर्धें उघडें ठेवलें. वारा वाढला आणि वीज गेली. हातानें फिरवावयाचा दांडा माळ्यावर कोठें ठेवला आहे हें कोणासच आठवेना. तेव्हां आमचे धाकटे बंधु गच्चीवर धांवले आणि त्यांनीं पुढची कांब दोन्ही हातांनीं धरून ठेवली. एक झोत असा आला कीं त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. वहिनींनीं मागून कमरेस मिठी मारली नसती तर काय झालें असतें तें लिहिण्याची इच्छा नाहीं. पुढच्या क्षणीं डावीकडचा लोखंडी आधार विटांच्या भिंतींतून उपटून निघाला, छत कठड्यावरून उलटलें आणि त्याचा एक हात तुटून खालच्या गल्लींत पडला. टाळेबंदीचे दिवस, त्यांतून वादळ, म्हणून गल्लींत चिटपांखरूं नव्हतें. एरवी त्याच जागीं मुलें क्रिकेट खेळतात.

दोष वाऱ्याचा नव्हे, हें पुढें हिशेब मांडल्यावर कळलें. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट, वेग तिप्पट तर दाब नऊपट. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारें ६ किलो दाब टाकतो. ७२ ला तो सुमारें २४ होतो आणि १०८ ला सुमारें ५५. तीन मीटर लांब व दोन मीटर पुढें आलेलें छत पूर्ण उघडलें तर सहा चौरस मीटरांचें होतें. म्हणजे वादळी झोतांत त्यावर ढोबळ मानानें सव्वातीनशें किलोंचा जोर येऊं शकतो, आणि तो बहुधा खालून वर! हे दुमडते हात कापड ताणून धरण्याकरितां केलेले असतात, आभाळाकडे जाणाऱ्या छतास ओढून धरण्याकरितां नव्हेत. सहा चौरस मीटर कापड पाहून आपणांस सावली दिसते. वाऱ्याला मात्र तें शीड दिसतें. ता. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपरास पेट्रोल पंपावर कोसळलेला अजस्र जाहिरात फलक हेंही एक शीडच होतें. त्यानें सतरा माणसांचे प्राण घेतले.

युरोपांत अशा छतांची वाऱ्यापुरती प्रतवारी ठरलेली आहे. तिसऱ्या प्रतीचें छत ताशी सुमारें ४९ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसण्याजोगें मानतात, दुसऱ्या प्रतीचें ३८ पर्यंतच. त्यापुढें तें मिटलेलेंच असलें पाहिजे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेंत मोटारीवर बांधलेलीं फिरतीं घरें असतात. त्यांच्या कुशींतून खोलीचा एक भाग खणासारखा बाहेर सरकतो आणि त्यावर असेंच कापड उलगडतें. तेथील जाणती मंडळीही कापड बांधून ठेवण्याच्या युक्त्यांवर विसंबत नाहींत; वारा चढला कीं सबंध खोलीच आंत ओढून घेतात.

वारा किती आहे हें ओळखण्यास यंत्रच हवें असें नाहीं. बोफर्ट या ब्रिटिश आरमारांतील अधिकाऱ्यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या पायऱ्या बांधल्या, त्या डोळ्यांनीं पाहावयाच्या खुणांवरच. लहान झाडें डोलूं लागलीं कीं पांचवी पायरी. मोठ्या फांद्या हलूं लागल्या आणि छत्री धरणें जड जाऊं लागलें कीं सहावी. आमच्या मतें पांचवीलाच छत मिटावें. वळवाच्या पावसापूर्वीं तर तेवढीही सवड मिळत नाहीं. पूर्वेकडे काळा ढग उभा राहिला आणि अंगावर एकाएकीं थंड झुळूक आली कीं धुळीचा लोट मागोमाग आलाच म्हणून समजावें.

वाऱ्याचा वेग मोजून आपोआप छत मिटविणारीं यंत्रें मिळतात. कांहीं तीन वाट्यांच्या फिरकीचीं असतात, कांहीं पुढच्या कांबेची थरथर ओळखतात. तीं चांगलीं आहेत. परंतु वादळांत पहिली जाते ती वीज, हें त्या यंत्रांना कोणी सांगितलेलें नसतें! म्हणून मोटारीचें छत घेणारांनीं हातदांड्याची सोय आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. दुसरी गोष्ट आधारांची. आमचे आधार बसविणाऱ्या कारागिरानें ते विटांत ठोकले होते. ते सिमेंट-काँक्रीटच्या तुळईंत पक्क्या बोल्टांनीं धरावयास हवे होते. मृगापूर्वीं एकदां शिडी लावून बोल्ट आवळावे, खारट हवेनें चढलेला गंज पाहावा, कापडाची शिवण चाचपावी. ओलें कापड गुंडाळावें लागलें तर हरकत नाहीं, पण उघडीप मिळतांच तें पसरून वाळवावें, नाहींतर बुरशी धरते.

ज्यांच्याकडे असें छत नाहीं, पण पावसाळ्यापुरते पत्रे किंवा ताडपत्री आहे, त्यांनाही हें लागू आहे. पत्र्यावर विटा व दगड ठेवण्याची रीत सर्रास दिसते; ती सोडावी. पत्रा उचलला गेला कीं तोच दगड खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो. वारा पत्र्यास कडेला व कोपऱ्यांत सर्वांत अधिक ओढतो, म्हणून तेथें बोल्ट जवळजवळ असावे. ता. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळांत रायगड जिल्ह्यांत घरोघरचीं छपरें उडालीं तीं पाहून आलेल्या आमच्या आप्तांनींही हेंच सांगितलें, कीं पहिला कोपरा सुटला आणि मागोमाग सबंध छप्पर गेलें. नुसती सावलीच हवी असेल तर शेतीची हिरवी जाळी बरी. तिच्यांतून वारा बराचसा निघून जातो.

नवें छत घेण्यापूर्वीं आम्ही सहज एकदां उत्तनच्या किनाऱ्यावर गेलों होतों. तेथें बांबूंच्या उंच वलांडींवर बोंबील वाळत घातलेले असतात. आमच्या घरीं मासळीचा रिवाज नाहीं, पण ती रचना पाहण्यासारखी खरी: सगळा वारा आरपार जातो, कोठें म्हणून अडत नाहीं. तेथल्या एका वृद्ध तांडेलास आमची हकीकत सांगितली, तेव्हां तो पुष्कळ वेळ हंसला. वारा वाढल्यावर शीड धरून कोण उभा राहतो, तें आधीं उतरवावें लागतें, असें तो म्हणाला.

नवें छत आतां तुळईंत धरलेलें आहे. त्याचा दांडा गच्चीच्या दारामागें खिळ्याला टांगलेला असतो आणि तो दुसरीकडे नेण्याची कोणास मुभा नाहीं. निजानीज होण्यापूर्वीं, आणि दोन तासांहून अधिक घराबाहेर जावयाचें असेल तेव्हां, छत मिटलेंच पाहिजे असा वहिनींनीं दंडक घातला आहे. समोरच्या माडाच्या सगळ्या झावळ्या एका दिशेला वळल्या कीं आमची तिसरीतली पुतणी खालूनच ओरडते, आणि तीर्थरूप वर्तमानपत्राची घडी घालून, थोडे कुरकुरत, खुर्ची आंत घेतात.