अंतर्ज्वलन-एंजिन व मोटार वाहतूक

इंधनाचे ज्वलन सिलिंडरातच घडवून आणून त्यातून निर्माण होणाऱ्या उष्ण वायूंच्या दाबाने यांत्रिक शक्ती देणाऱ्या एंजिनाला अंतर्ज्वलन-एंजिन म्हणतात. त्याला वाफेच्या एंजिनाप्रमाणे वेगळा बाष्पित्र (बॉयलर) लागत नसल्याने ते आटोपशीर असते व रस्त्यावरील वाहनांस सोयीचे ठरते. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन तयार केले. कार्ल बेंझ यांच्या मोटारगाडीचे एकस्व (पेटंट) १८८६ चे असून रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी रीत्या चालले.

गिअर पेटीची आवश्यकता : चूषण, संपीडन, शक्ती व निष्कास या चार धावांपैकी फक्त शक्ती-धावेतच सिलिंडराकडून कार्य मिळते. त्यामुळे हे एंजिन ठराविक गतीखाली गेल्यास बंद पडते आणि स्थिर अवस्थेतून भार ओढू शकत नाही. समजा, मालमोटारीच्या चाकाचा व्यास १ मी. आहे. ताशी ६० किमी. वेगाला ते मिनिटास सु. ३२० फेरे घेते, तर ताशी ८ किमी. वेगाला केवळ सु. ४२. एंजिन मात्र दोन्ही वेळी मिनिटास सु. २,००० फेऱ्यांनी चालवावयाचे असल्यास गती पहिल्या वेळी सु. ६ पट व दुसऱ्या वेळी सु. ४७ पट कमी करावी लागते. गती घटते त्या प्रमाणात चाक फिरविण्याचे बळ वाढते व भरलेली गाडी चढ चढते. हा बदल गिअर पेटीतील दंतचक्रांच्या निरनिराळ्या जोड्यांनी साधतात.

भंडारा जिल्ह्यातील उत्पादन : नागपूर-रायपूर महामार्गावरील गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना १९८२ मध्ये स्थापन झाला. अवजड वाहनांच्या गिअर पेट्या हे त्याचे एक प्रमुख उत्पादन आहे. भातशेतीबद्दल प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्याचा मोटार उद्योगाशी त्यामुळे प्रत्यक्ष संबंध आला.

भवितव्य : इंधनाच्या ज्वलनातून कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे व काजळी बाहेर पडतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी यांपैकी नायट्रोजनाची ऑक्साइडे व काजळी यांवर कडक मर्यादा घातल्या. विद्युत् चलित्र (मोटर) शून्य गतीपासूनच पुरेसे बळ देते. त्यामुळे विद्युत् वाहनांत बहुधा अनेक टप्प्यांची गिअर पेटी लागत नाही. म्हणजेच एंजिनाबरोबर त्याच्या उणिवेवर उभा असलेला उद्योगही बदलणे अपरिहार्य आहे. मात्र लांब पल्ल्याच्या अवजड मालवाहतुकीत संचायक विद्युत् घटमालांचे (बॅटऱ्यांचे) वजन व त्या भारित करण्यास लागणारा वेळ या अडचणी असल्याने तेथे डीझेल एंजिनाचे महत्त्व अद्याप टिकून आहे. नैसर्गिक वायू वा हायड्रोजन जाळणाऱ्या एंजिनांनाही गिअर पेटी लागतेच.